मठातला बंदूकवाला: पॉल माउझर, ओबर्नडॉर्फ आणि आपण

(झरी, जि. परभणी येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय जरा वेगळा आहे. परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या गावात येऊन जर्मनीतल्या एका बंदूक बनवणाऱ्यावर तासभर बोलायचं, म्हणजे कुणीही विचारेल, याचा आपल्याशी काय संबंध? तो संबंध मी पहिल्याच वाक्यात सांगून टाकणार नाही. पण एवढं सांगतो, की या माणसाच्या गावाहून निघालेला धागा नाशिकच्या नाटकगृहात येतो, मेसोपोटेमियात मराठा पलटणींच्या छातीवर येतो, आणि अगदी अलीकडे २००८ साली मुंबईच्या ताजमध्येही येतो. त्याचं नाव पॉल माउझर. हिंदी सिनेमात आणि क्रांतिकारकांच्या चरित्रांत 'माउझर' हा शब्द आपण ऐकलेला असतो, पण ते मुळात एका माणसाचं आडनाव आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

सुरुवात आपल्या ओळखीच्या वस्तूपासून करू. ठासणीची बंदूक. रानडुकरं पिकात घुसतात तेव्हा तिची आठवण आजही निघते. तिचं काम कसं चालतं? नळीच्या तोंडातून दारू टाकायची, वर चिंधी किंवा कागद, मग गोळी किंवा छर्रे, आणि गजाने ठासायचं. मागे टोपी बसवायची, घोडा चढवायचा, चाप ओढायचा. एक बार निघाला की पुन्हा पहिल्यापासून. ठासताना माणसाला उभं राहावं लागतं, कारण लांब नळीत गज घालायचा तर झोपून कसा घालणार? शिकारीत हे चालून जातं. लढाईत उभा राहिलेला माणूस म्हणजे समोरच्याला आयतं निशाण.

१८५७ साली ज्या एनफिल्ड रायफलीच्या काडतुसांवरून एवढं रामायण घडलं, ती रायफलही ठासणीचीच होती. कागदी काडतूस दातानं फाडायचं, दारू नळीत ओतायची, गोळी ठासायची. नळीच्या आत आटे होते म्हणून नेम लांबवर लागायचा, एवढाच फरक. त्या काळात इथून जवळ हिंगोलीला निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी होती. तिथले शिपाईही असेच गज मारत कवायत करत असणार.

पण याच सुमारास प्रशियात वेगळी बंदूक शिपायांच्या हातात होती. योहान निकोलाउस फॉन ड्रायझे नावाच्या कारागिरानं ती केली, आणि प्रशियानं १८४१ साली ती स्वीकारली. तिचं मर्म समजून घ्यायला आपल्या दाराची लोखंडी सरकती कडी डोळ्यांसमोर आणा. दांडा वर उचलायचा, मागे ओढायचा, दार उघडलं. पुढे ढकलायचा, खाली पाडायचा, दार बंद. ड्रायझेनं नळीच्या मागच्या टोकाला अशीच कडी बसवली. गोळी-दारू पुढून नाही, मागून भरायची. आता झोपून भरता येतं, झाडाआडून भरता येतं, आणि ठासणीवाला एक बार काढेपर्यंत याचे तीन-चार निघतात. ३ जुलै १८६६ रोजी कोनिगग्रेट्झच्या लढाईत ऑस्ट्रियाचं सैन्य ठासणीच्या रायफली घेऊन उभं होतं आणि प्रशियाचं सैन्य ही कडीची बंदूक घेऊन. ऑस्ट्रिया हरला. एका बंदुकीनं युद्ध जिंकलं असं मी म्हणणार नाही. प्रशियाची रेल्वे, सेनापतींची आखणी, सगळंच होतं. पण युरोपातल्या प्रत्येक युद्धखात्यानं त्यानंतर आपापल्या बंदुका टेबलावर काढून पाहिल्या, हे खरं.

या बंदुकीत दोष भरपूर होते. कागदी काडतूस असल्यामुळे मागून गरम वायू निसटून शिपायाच्या तोंडावर यायचा. काडतुसाच्या आत घुसणारी लांब सुई जळून तुटायची. हे दोष बघून जो माणूस अस्वस्थ झाला, तो आपला पॉल.

पेटर पॉल माउझरचा जन्म २७ जून १८३८ चा. गाव ओबर्नडॉर्फ, नेकार नदीच्या काठी, काळ्या जंगलाच्या कडेला, त्या वेळच्या व्युर्टेमबर्ग राज्यात. या गावात आधी ऑगस्टिनियन साधूंचा मठ होता. राजानं मठ खालसा केला आणि १८११ च्या सुमारास तिथे सरकारी बंदूकखाना काढला. जिथे प्रार्थना व्हायची तिथे कानस आणि लेथ चालू झाले. पॉलचे वडील, अंद्रेआस माउझर, याच कारखान्यात बंदूक कारागीर. घरात तेरा मुलं, त्यात पॉल सगळ्यात धाकटा. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगं वडिलांबरोबर कारखान्यात उमेदवारीला लागलं. आपल्याकडे लोहाराचं पोर भाता ओढता ओढता शिकतं, अगदी तसं. इंजिनिअरिंगची पदवी नाही, गणिताचं मोठं शिक्षण नाही. हाताला कळायचं ते डोक्यात जायचं.

१८५९ मध्ये त्याची सैन्यात भरती झाली, तोफखान्यात. लुडविग्सबुर्गच्या शस्त्रागारात त्याला कारागिराचं काम मिळालं आणि तिथेच ड्रायझेच्या बंदुकीनं त्याला पछाडलं. घरी परतल्यावर चार वर्षांनी मोठा असलेला भाऊ विल्हेल्म आणि तो, दोघं मिळून दिवसा कारखान्याचं काम आणि रात्री स्वतःचं काम करू लागले. विल्हेल्म बोलका, प्रवास करणारा, लोकांना भेटणारा. पॉल घुमा, यंत्रापाशी बसणारा. अशी जोडी जमली की धंदा चालतो.

त्यांनी केलं काय? कडीचा दांडा वर उचलतानाच आतला घोडा आपोआप ताणला जाईल अशी रचना केली. शिपायाची एक हालचाल कमी झाली. कागदाऐवजी धातूचं काडतूस वापरलं, म्हणजे बार उडताना पितळ फुगून मागचा रस्ता स्वतःच बंद करतं. आणि बार झाल्यावर रिकामं पितळ ओढून बाहेर फेकणारी आकडी बसवली. ऐकायला किरकोळ वाटतं. पण बंदुकीच्या इतिहासात 'शोध' म्हणजे बहुधा अशाच बारीक सुधारणा, आणि त्या एकाच वस्तूत एकमेकींना धक्का न लावता बसवणं, हेच कौशल्य.

घरच्या सरकारनं, म्हणजे व्युर्टेमबर्गनं, लक्ष दिलं नाही. लक्ष दिलं ते एका अमेरिकन माणसानं. सॅम्युअल नॉरिस हा रेमिंग्टन कंपनीचा युरोपातला प्रतिनिधी. १८६७ मध्ये तो या भावांना बेल्जियममधल्या लिएजला घेऊन गेला आणि जून १८६८ मध्ये अमेरिकेत पेटंट निघालं. त्या पेटंटवर नॉरिसचंही नाव आहे! भांडवलवाल्याचं नाव कारागिराच्या शेजारी बसलं. पुढे रेमिंग्टनला रस राहिला नाही, नॉरिसचे पैसे येईनासे झाले आणि भाऊ गावी परतले. पण बंदूक तोवर प्रशियाच्या चाचण्यांत पोहोचली होती. डिसेंबर १८७१ मध्ये, जर्मनी एक होऊन वर्ष व्हायच्या आत, माउझरची रायफल 'मॉडेल ७१' म्हणून स्वीकारली गेली. ११ मिलिमीटरची गोळी, काळी दारू, एका वेळी एक काडतूस.

आता गंमत बघा. बंदूक यांची, पण ती बनवण्याचं काम गेलं सरकारी कारखान्यांकडे. माउझर बंधूंना सुरुवातीला काम मिळालं ते फक्त नळीवरच्या नेमपट्ट्यांचं! त्यांनी छोटी कार्यशाळा काढली, १८७३ मध्ये ती आगीत जळाली. पुन्हा उभं केलं. आणि १८७४ मध्ये बँकेचं साहाय्य घेऊन त्यांनी तोच जुना मठातला सरकारी कारखाना विकत घेतला, जिथे बाप नोकरी करत होता. पॉल तेव्हा छत्तीस वर्षांचाही नव्हता.

विल्हेल्म जानेवारी १८८२ मध्ये गेला, वय सत्तेचाळीस. गिऱ्हाईक आणणारा माणूस गेला. आता घुम्या पॉललाच बाहेर पडावं लागलं.

तुर्कस्तानचा व्यवहार मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण त्याची गाठ पुढे आपल्या माणसांशी पडते. उस्मानी सुलतानाच्या फौजेला नव्या रायफली हव्या होत्या. तिथे जर्मन लष्करी सल्लागार म्हणून कोलमार फॉन डेर गोल्ट्झ नावाचा अधिकारी होता आणि तो जर्मन मालाच्या बाजूचा. १८८७ मध्ये करार झाला तो पाच लाख रायफलींचा. एवढं मोठं काम एका गावच्या कारखान्याला झेपणारं नव्हतं, म्हणून बर्लिनची लुडविग लोवे कंपनी भागीदार झाली. ही कंपनी सुरू झाली होती शिलाई मशीन बनवण्यासाठी! लवकरच माउझरच्या कारखान्याची मालकीही लोवेकडे गेली आणि पॉल आपल्याच कारखान्यात तांत्रिक प्रमुख म्हणून राहिला. पण करारात तुर्कांनी एक अट घातली होती. मध्येच माउझरनं यापेक्षा चांगली रायफल काढली, तर उरलेल्या मालाऐवजी तीच द्यायची. सौदा करावा तर असा. कारण त्याच सुमारास फ्रान्समध्ये बिनधुराची दारू निघाली होती आणि १८८६ च्या फ्रेंच लेबेल रायफलीनं जगातल्या सगळ्या काळ्या दारूच्या रायफली एका रात्रीत म्हाताऱ्या केल्या. तुर्कांनी अट वापरली. सुमारे दोन लाख वीस हजार जुन्या धर्तीच्या घेतल्या आणि बाकीच्या ७.६५ मिलिमीटरच्या, बिनधुराच्या नव्या.

बिनधुराच्या दारूचा अर्थ नीट लक्षात घ्या. काळ्या दारूचा बार निघाला की धुराचा ढग उठतो, बंदूकवाला कुठे आहे ते लगेच कळतं. नव्या दारूनं तो दिसेनासा झाला. गोळी बारीक झाली, वेग वाढला, पल्ला वाढला.

यानंतरची दहा वर्षं ही पॉलच्या कामाची खरी भर. १८८९ मध्ये बेल्जियमसाठीची रायफल: पाच काडतुसं एका पत्र्याच्या पट्टीत, पट्टी वरून लावायची, अंगठ्यानं दाबायचं, पाचही एकदम पोटात. १८९३ मध्ये स्पेनसाठी: काडतुसं दोन रांगांत आडवी-तिडवी बसवल्यामुळे बंदुकीच्या पोटाखाली पेटी लोंबत नाही, सगळं लाकडात सामावतं. आणि ५ एप्रिल १८९८ रोजी जर्मनीनं स्वीकारलेली 'गेवेर ९८'. हिच्या कडीला पुढे दोन खुंट्या, त्या नळीच्या मागेच खाचेत अडकतात. शिवाय मागे तिसरी, समजा पहिल्या दोन तुटल्याच तर शिपायाचं डोकं वाचवायला. काडतूस फुटून वायू मागे आला तर तो बाजूला काढून देणारी भोकं. आकडी अशी की काडतूस पेटीतून निघाल्यापासून बाहेर पडेपर्यंत तिच्या पकडीतून सुटत नाही. आज सव्वाशे वर्षांनंतरही शिकारीच्या चांगल्या रायफलींत हीच रचना वापरतात. वापरात एवढी टिकलेली यंत्ररचना फार थोडी सापडेल.

अमेरिकनांना हिचा प्रत्यय मार खाऊन आला. १ जुलै १८९८ रोजी क्युबातल्या सान हुआन टेकड्यांवर काही शेकडा स्पॅनिश शिपायांनी माउझर घेऊन अमेरिकेच्या हजारोंच्या फौजेला हजारावर माणसं जायबंदी होईपर्यंत रोखलं. मग अमेरिकेनं जी नवी रायफल काढली, ती १९०३ ची स्प्रिंगफील्ड, तिच्यात माउझरच्या इतक्या गोष्टी उचललेल्या होत्या की अमेरिकन सरकारला माउझर कंपनीला दोन लाख डॉलरपर्यंत स्वामित्वधन द्यावं लागलं.

इंग्रजांना प्रत्यय आला दक्षिण आफ्रिकेत. ट्रान्सवालच्या बोअर सरकारनं युद्धाआधी सुमारे ३७ हजार माउझर विकत घेतल्या होत्या. डिसेंबर १८९९ च्या एका आठवड्यात इंग्रज तीन ठिकाणी हरले. शेतकरी लोक, खंदकात झोपून, दिसत नाहीत, धूर नाही, आणि हजार पावलांवरून गोळी येते. आपल्या गांधीजींनी तेव्हा तिथे सुमारे अकराशे हिंदी लोकांचं शुश्रूषा पथक उभं केलं होतं. जखमी इंग्रजांना डोलीतून वाहून नेणारी ही माणसं माउझरचाच परिणाम खांद्यावर वाहत होती. इकडे तेव्हा छप्पन्नाचा दुष्काळ.

आता कुणी म्हणेल, एवढी चांगली बंदूक, जगभर गेली, चिलीला गेली, स्वीडनला गेली, चीनला गेली, मग इकडे का नाही आली? इथे थोडं थांबू. सत्तावन्ननंतर इंग्रजांनी एक धोरण पक्कं केलं: हिंदी शिपायाच्या हातातली बंदूक गोऱ्या शिपायाच्या बंदुकीपेक्षा एक पिढी मागे असली पाहिजे. गोऱ्यांना मागून भरायची स्नायडर मिळाली तेव्हा काळ्यांकडे ठासणीची. गोऱ्यांना मार्टिनी मिळाली तेव्हा काळ्यांना उतरलेली स्नायडर. गोऱ्यांकडे ली-मेटफर्ड आली तेव्हा मार्टिनी इकडे. ब्रिटिश मुलखातल्या सामान्य माणसाचं तर विचारूच नका, १८७८ च्या शस्त्र कायद्यानं परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा झाला. दोन गोष्टी एकत्र ठेवून बघा. ज्या वर्षांत ओबर्नडॉर्फचा एक कारागीर दर चार-पाच वर्षांनी बंदूक सुधारत होता, त्याच वर्षांत आपल्या कारागिराचं बंदूक बनवणंच बंद पाडलं जात होतं. आपल्याकडे बंदूक करणारे नव्हते असं नाही. त्यांच्या हाताखालचं काम काढून घेतलं गेलं. माउझरची बुद्धी मोठी होतीच, पण त्याच्यामागे गिऱ्हाईक म्हणून सरकारं उभी होती, हेही खरं.

म्हणून इकडे ही हत्यारं आली ती चोरवाटेनं. आणि पहिली जी आली त्यांच्यावर माउझरचं नाव नव्हतं, तरी मुळात धागा त्याचाच. मघाशी बेल्जियमच्या १८८९ च्या रायफलीचं बोललो. ती बनवण्यासाठी लिएजजवळ हेर्स्टाल इथे एक नवी कंपनी काढली गेली, 'फाब्रीक नास्योनाल', म्हणजे एफएन. दीड लाख माउझर बनवणं हेच तिच्या जन्माचं कारण. पुढे पेटंटवरून माउझर-लोवेशी तिचा कज्जा झाला, एफएन हरली, तिचे पुष्कळ शेअर लोवेकडे गेले. माउझरच्या रायफली विकण्यावर बंधनं आल्यावर कंपनीनं दुसरा माल शोधला. सायकली केल्या. आणि १८९७ मध्ये जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराशी करार करून त्याची पिस्तुलं बनवायला घेतली.

१९०९ साली लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन याच्याबरोबर पेटीच्या चोरकप्प्यातून वीस ब्राउनिंग पिस्तुलं मुंबईला पाठवली. २१ डिसेंबर १९०९, नाशिकचं विजयानंद नाट्यगृह, 'संगीत शारदा' चा प्रयोग, कलेक्टर जॅक्सन आत येतो आणि अनंत कान्हेरे गोळ्या झाडतो. पिस्तूल त्या विसांपैकी. कान्हेरे मूळचा कोकणातला, पण शिकायला होता औरंगाबादला, म्हणजे आपल्या मराठवाड्यात, निजामाच्या राज्यात. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला कर्वे आणि देशपांडे यांच्यासह फाशी झाली. वय अठरा.

खुद्द माउझर नावाचं पिस्तूल बंगालमध्ये गाजलं. सी ९६ हे ते मॉडेल. आणि इथे एक न्याय करायला हवा. हे पिस्तूल पॉल माउझरनं केलेलं नाही. त्याच्या कारखान्यातल्या फेडरले नावाच्या भावांनी ते केलं; पेटंट मात्र मालकाच्या नावावर. नॉरिसनं जे पॉलबरोबर केलं, त्याचंच हे दुसरं रूप, असं मला तरी वाटतं. चापाच्या पुढे दहा काडतुसांची पेटी, लांब नळी, आणि लाकडी म्यान असं की तेच मागे अडकवलं की खांद्याला लावून रायफलीसारखं झाडता येतं. तरुण चर्चिलनं १८९८ मध्ये सुदानात ओमदुरमानच्या लढाईत हेच वापरलं. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्याच्या रॉडा कंपनीचा माल गोदीतून सोडवून आणताना २०२ पेट्यांपैकी दहा पेट्यांची बैलगाडी दुसऱ्याच रस्त्याला लागली. ५० माउझर पिस्तुलं आणि ४६ हजार काडतुसं! कंपनीचा कारकूनच सामील होता. रौलट समितीच्या अहवालात नोंद आहे की त्यातली ४४ पिस्तुलं नऊ गटांत वाटली गेली आणि पुढच्या ५४ प्रकरणांत ती वापरली गेली. सप्टेंबर १९१५ मध्ये बालासोरजवळ बाघा जतीन आणि त्याचे चार साथीदार पोलिसांशी लढले ते याच माउझरांनी. १९२५ च्या काकोरीतही माउझरच.

रॉडाची गाडी पळाली तेव्हा पॉल माउझर जिवंत नव्हता. १९०१ मध्ये स्वतः भरणारी रायफल तपासताना स्फोट होऊन त्याचा एक डोळा गेला होता. तरी काम सोडलं नाही. काही वर्षं तो जर्मन संसदेत होता, सरदारकीही मिळाली. २९ मे १९१४ रोजी तो ओबर्नडॉर्फमध्ये वारला. बरोबर तीस दिवसांनी साराजेव्होत राजपुत्रावर गोळ्या झाडल्या गेल्या. झाडणाऱ्याच्या हातात एफएनचं ब्राउनिंग होतं.

त्याच्या आयुष्याचा हिशेब मांडताना काही जण त्याला निव्वळ यंत्रज्ञ ठरवून मोकळे होतात. मला ते पटत नाही. १९१२ च्या बाल्कन युद्धात सर्ब शिपाई माउझर रायफल घेऊन लढले आणि समोरचे तुर्कही माउझर घेऊनच. दोन्ही बाजूंचे पैसे शेवटी एकाच पेढीच्या वहीत. १९०४ मध्ये नैऋत्य आफ्रिकेत, आजच्या नामिबियात, जर्मन फौजेनं हेरेरो लोकांना वाळवंटात हाकून मारलं, ती फौज जर्मन रायफलींनीच सज्ज होती. बंदूक विकणाऱ्याला गिऱ्हाईक काय करणार हे माहीत नसतं, असं मानायला मी तयार नाही. आणि उलट, कान्हेरेच्या किंवा बाघा जतीनच्या हातातलं पिस्तूल आपल्याला पवित्र वाटतं, तेही त्याच बाजारातून आलेलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात ठेवाव्या लागतात.

आता कुटकडे येऊ. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जी फौज गेली तिचं नाव सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात मराठ्यांच्या पलटणी होत्या: १०३, ११० आणि ११७. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला ही फौज तुर्कांना भिडली. तुर्कांच्या हातात कोणत्या रायफली? ७.६५ ची माउझर. जिचा सौदा १८८७ मध्ये सुरू झाला होता, त्याच घराण्याची. जबर नुकसान सोसून फौज मागे फिरली आणि ७ डिसेंबरपासून कुट-अल-अमारा या गावात कोंडली गेली. तुर्की फौजांवर देखरेख करायला म्हातारा जर्मन फील्ड मार्शल आला होता. कोण? तोच फॉन डेर गोल्ट्झ! ज्यानं अठ्ठावीस वर्षांपूर्वी या बंदुका इस्तंबूलला आणायला हातभार लावला, तोच आता त्या बंदुकांच्या मागे उभा. १९ एप्रिल १९१६ रोजी तो बगदादेत तापानं मेला. दहा दिवसांनी, २९ एप्रिलला, कुट पडलं आणि सुमारे तेरा हजार माणसं कैदेत गेली. शेवटी शेवटी घोडी-खेचरं कापून खायची पाळी आली होती. कित्येक हिंदी शिपायांनी ते मांस नाकारलं आणि उपासानं खंगले. मग कैदेतली पायपीट. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, पुणे या भागातल्या घरांतली ही माणसं. दिल्लीचं इंडिया गेट आपण बघतो, पण मेसोपोटेमियातली ही माणसं कुठल्या गावच्या कारखान्यातल्या बंदुकीनं पडली, हे आपण विचारत नाही.

तहानंतर जर्मनीवर बंदी आली. माउझर कारखान्यानं मोजमापाची अवजारं केली, शिलाई मशीन केली, बेरीज-वजाबाकीची यंत्रं केली, दोन चाकांची एक विचित्र मोटारही केली. मग हिटलर आला आणि १९३५ पासून पुन्हा रायफली. दुसऱ्या महायुद्धात त्या कारखान्यात पकडून आणलेल्या परदेशी मजुरांना राबवलं गेलं. १९४५ मध्ये फ्रेंच फौजांनी कारखाना उकलून टाकला. उरलेल्या रायफलींचं नशीब बघा: १९४८ मध्ये नवजात इस्रायलच्या सैन्यानं चेकोस्लोव्हाकियाकडून जर्मन शिक्क्याच्या माउझर घेतल्या आणि ज्यू शिपाई त्या घेऊन लढले. त्याच १९४८ च्या सप्टेंबरात आपला मराठवाडा मोकळा झाला. तेव्हा रझाकारांत अनेकांच्या हातात अजून ठासणीच्या बंदुका आणि तलवारीच होत्या. म्हणजे ड्रायझेनंतर शंभर वर्षांनीसुद्धा आपण गज मारतच होतो.

कारखाना गेला, पण कारागीर गावातच होते. हेकलर, कोख आणि झायडेल हे माउझरमधले तीन अभियंते. त्यांनी डिसेंबर १९४९ मध्ये ओबर्नडॉर्फलाच नवी कंपनी काढली. तीच हेकलर अँड कोख. माउझरच्या कारखान्यात युद्धाच्या शेवटी एक नवी रचना अर्धवट राहिली होती. तिच्यात कडीच्या तोंडाशी दोन लहान रूळ असतात आणि ते कडीला क्षणभर अडवून मग मागे सोडतात. ती रचना स्पेनला फिरून परत आली आणि तिच्यातून १९६० च्या दशकात एमपी ५ ही छोटी मशीनगन निघाली. नोव्हेंबर २००८ मध्ये काळ्या पोशाखातले एनएसजीचे कमांडो ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउसमध्ये शिरले, तेव्हा त्यांच्या हातात ही एमपी ५ होती. त्याच्या आदल्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबची रायफल नुसत्या हातांनी धरून ठेवली होती.

आणि दुसरी शाखा, ती बेल्जियमची एफएन. माउझर बनवायला जन्मलेल्या त्या कंपनीनं पुढे एफएएल नावाची रायफल काढली. तिच्यावरून भारतात इशापूरच्या कारखान्यात जी बनली, ती आपली एसएलआर. निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्राच्या दारात जवान उभा असतो, त्याच्या खांद्यावर अनेक वर्षं हीच दिसायची. पुढच्या वेळी कुठे दिसली तर जवानाची परवानगी घेऊन नीट बघा. कडी आता हातानं ओढावी लागत नाही, वायूच ती मागे ढकलतो. पण काडतूस मागून जातं, पितळ आकडीनं ओढून बाहेर पडतं. हे ओबर्नडॉर्फचं.

वेळ झाली आहे, इथे थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.